आंबेनळीची वाट आणि परदेशगमनाची तयारी

महोत्सवाच्या वर्षीं मागें वळून पाहण्याची रीत आहे. ह्या स्मरणिकेंत ख्रिस्तमंदिराच्या बांधणीची, धर्मगुरूंच्या सेवेची आणि निरनिराळ्या मंडळांच्या कार्याची हकीकत इतर लेखकांनीं दिली आहे. आम्ही वाचकांचें लक्ष दुसऱ्या एका गोष्टीकडे वेधूं इच्छितों. रविवारच्या मिस्सेच्या वेळीं बांकांवर ज्या जागा रिकाम्या दिसतात, त्या सर्वच आळसामुळें रिकाम्या नसतात. कोणाचा मुलगा कुवेतास आहे, कोणाचा जहाजावर, कोणाची मुलगी दूरच्या रुग्णालयांत परिचारिका आहे, कोणी शिक्षणासाठीं कॅनडास गेला आहे. नाताळच्या मध्यरात्रीं त्यांचे आईबाप एकटे येतात व एकटेच परततात. उद्यां आणखी कोणी निघेल. निघणाऱ्याची तयारी कशी असावी, ह्या प्रश्नाचें उत्तर आपल्या मुलखाच्या इतिहासांत सांपडतें, असें आमचें मत आहे. म्हणून हा लेख.

पोलादपूर सोडून महाबळेश्वराची चढण धरली म्हणजे आंबेनळी घाट लागतो. इंग्रजी अमदानींत ह्या घाटास मुंबईचे गव्हर्नर सर सेमूर फिट्झजेरल्ड ह्यांचें नांव देण्यांत आलें होतें. लोकांनीं मात्र आंबेनळी हेंच नांव राखिलें. हा रस्ता होण्यापूर्वीं प्रतापगडाच्या बाजूनें उतरणारा पार घाट ही तांड्यांची जुनी वाट होती. घाटमाथ्यावर महाबळेश्वरास सावित्री नदीचा उगम आहे. कृष्णेचा उगमही तेथेंच. परंतु कृष्णा पूर्वेकडे वळून बंगालच्या उपसागरास मिळते, आणि सावित्री डोंगर उतरून, पोलादपूर व महाड ह्यांच्या अंगानें वाहत, बाणकोटजवळ अरबी समुद्रास मिळते. आपल्या लोकांनींही सावित्रीचीच दिशा धरिली. डोंगरउतारावरील नाचणी-वरी व खालच्या खाचरांतील भात ह्यांवर सबंध वर्ष निघत नसे. पीक घरांत आलें कीं घरटी एखादा पुरुष महाडच्या बंदराकडे उतरे. भरतीच्या पाण्यावर गलबतें खाडीनें खालीं जात, आणि दासगांव अथवा बाणकोट येथून मुंबईची वाट लागे.

मुंबईस जाणें हें एक प्रकारचें परदेशगमनच होतें. सन १८५६ मध्यें मुंबईंत पहिली कापडगिरणी चालूं झाली. पुढें गोद्या वाढल्या, आणि पलटणींची नोकरी तर त्यापूर्वींपासूनच होती. ह्या पहिल्या परदेशाची तयारी फार थोडी होती. चार भाकरी, एक घोंगडी, सावकाराकडून काढलेले थोडे रुपये आणि गांवच्या कोणा माणसाच्या खोलीचा पत्ता. तथापि ह्या शेवटच्या वस्तूचें मोल मोठें होतें. खोलीवर आपल्याच गांवचे दहा-वीस गडी असत. आजारी पडल्यास पेज मिळे, काम सुटल्यास उधारी मिळे, आणि कोणी मेल्यास घरीं बातमी पोंचे. ओळखीच्या माणसाकडे जाणें हीच त्या काळची सर्वांत मोठी तयारी होती. समुद्रापलीकडे गेलेल्यांस ती मिळाली नाहीं.

समुद्रापलीकडील पहिला मोठा ओघ मॉरिशस बेटाकडे गेला. इंग्रजी साम्राज्यांत गुलामगिरी बंद झाल्यावर तेथील उंसाच्या मळेवाल्यांस मजूर हवे होते. सन १८३४ च्या नोव्हेंबरांत ‘ॲटलास’ नांवाचें जहाज कलकत्त्याहून हिंदी मजुरांस घेऊन पोर्ट लुई बंदरास लागलें. तेव्हांपासून १९२० पर्यंत सुमारें साडेचार लाख हिंदी माणसें त्या बेटावर उतरलीं. त्यांत बिहारकडचे व मद्रासकडचे लोक अधिक असले, तरी मुंबई बंदरांतून गेलेले मराठी लोकही हजारोंनीं होते, आणि त्यांत कोंकणची माणसें पुष्कळ होतीं. महाडचा प्रांत एकोणिसाव्या शतकांत कांहीं काळ रत्नागिरी जिल्ह्यांत मोडत असे, हें येथें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

ह्या लोकांच्या निघण्याची कायद्यानें कांहींच व्यवस्था केली नव्हती, असें नाहीं. सन १८३७ च्या कायद्यानें असें ठरविलें होतें कीं, जाणाऱ्यानें व त्यास नेणाऱ्या दलालानें सरकारी अधिकाऱ्यापुढें हजर व्हावें, कराराच्या अटी लेखी दाखवाव्या, आणि मुदत पांच वर्षांची असावी. तरीही फसवणुकीच्या इतक्या तक्रारी आल्या कीं, १८३९ मध्यें हें गमन बंद करावें लागलें. पुढें १८४२ च्या कायद्यानें कलकत्ता, मद्रास व मुंबई ह्या तीन बंदरांतून मॉरिशसची वाट पुन्हां उघडली. कागदावरील तयारी अशी वाढत गेली. माणसाची तयारी मात्र जेथल्या तेथेंच राहिली. ज्यास अक्षरओळख नाहीं त्यानें कागदावर निशाणी करावयाची, आणि कागदांत काय आहे तें दलालाच्या तोंडून ऐकावयाचें, असा प्रकार होता. इंग्रजी ‘ॲग्रीमेंट’ शब्दाचा ‘गिरमिट’ असा अपभ्रंश वसाहतींतील हिंदी मजुरांच्या तोंडीं बसला. ज्या कागदानें आयुष्याचीं पांच वर्षें बांधलीं, त्याचें नांवही नीट उच्चारतां येऊं नये, ह्यापरतें दैन्य कोणतें?

कराराप्रमाणें मजुरास दरमहा पांच रुपये व शिधा मिळे. एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांचें वेतन कापण्याची तेथें चाल होती. सन १८६७ च्या मजूरकायद्यानंतर मुदत संपलेल्या मजुरासही स्वतःचें छायाचित्र लाविलेला परवाना जवळ बाळगावा लागे. तो नसल्यास भटक्या म्हणून धरीत. जातांना ज्यास कागद वाचतां आला नाहीं, त्याच्या मागें तेथें गेल्यावर कागदच लागला.

आम्ही ही गोष्ट केवळ दुःखाची म्हणून सांगत नाहीं. त्या माणसांनीं त्या बेटावर घरें केलीं, मुलें शिकविलीं, आणि आपली भाषा टाकली नाहीं. आजही मॉरिशसमध्यें गणेशचतुर्थीस सार्वजनिक सुटी असते व शाळांतून मराठी शिकवितात. ज्या धक्क्यावर हे लोक उतरले तो पोर्ट लुई येथील ‘आप्रवासी घाट’ सन २००६ मध्यें जागतिक वारसास्थळांच्या यादींत दाखल झाला. तेथील सरकारी दप्तरांत उतरलेल्या माणसाचें नांव, बापाचें नांव, वय, जात, जिल्हा, गांव, अंगावरील खुणा व जहाजाचें नांव अशी नोंद ठेविलेली आहे. मळेवाल्यांच्या सोयीसाठीं केलेल्या ह्या नोंदींवरून आज पांचव्या-सहाव्या पिढीचीं मुलें आपलें मूळ गांव शोधितात. ह्या नोंदवहीची गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. लेखाच्या शेवटीं तिची गरज पडणार आहे.

मजुरीसाठीं जाणाऱ्यांच्या पाठोपाठ विद्येसाठीं जाणारेही निघाले. सन १८८३ हें वर्ष महाराष्ट्राच्या इतिहासांत ह्या दृष्टीनें विशेष आहे. त्या वर्षीं दोन मराठी स्त्रिया समुद्रापार गेल्या. पंडिता रमाबाई आपल्या लहान मुलीस घेऊन इंग्लंडास गेल्या. ‘स्त्रीधर्मनीति’ ह्या आपल्या पुस्तकाच्या विक्रीचा पैसा त्यांस ह्या प्रवासाच्या कामीं आला. आनंदीबाई जोशी एप्रिल महिन्यांत कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. त्या काळीं समुद्र ओलांडणारास जातींतून बाहेर टाकीत अथवा प्रायश्चित्त घ्यावयास लावीत. आनंदीबाईंनीं निघण्यापूर्वीं सेरामपूर येथें भर सभेंत उभें राहून आपण कां जातों, एकट्या कां जातों, व परत आल्यावर काय करणार, हें स्वच्छ सांगितलें. त्या वेळीं त्यांचें वय अठरा वर्षांचेंही पुरें नव्हतें. ११ मार्च १८८६ रोजीं त्यांस फिलाडेल्फियाच्या स्त्रीवैद्यक महाविद्यालयाची पदवी मिळाली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं त्या क्षयानें वारल्या. परदेशची थंडी, आहाराची आबाळ व शरीराची हेळसांड ह्यांचा हिशोबही तयारींत धरावा लागतो, हें त्या थोर बाईच्या अल्प आयुष्यावरून शिकण्यासारखें आहे.

परंतु आमच्या मुलखाशीं ज्याचा संबंध सर्वांत निकट आहे असें उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांचें. त्यांचें मूळ गांव आंबडवे, सावित्रीच्या दक्षिणेस मंडणगड तालुक्यांत. सन १९१२ मध्यें ते बी. ए. झाले, फेब्रुवारी १९१३ मध्यें त्यांचे वडील वारले, आणि त्याच वर्षीं बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं त्यांस अमेरिकेंतील शिक्षणासाठीं दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ति तीन वर्षांसाठीं दिली. ४ जून १९१३ रोजीं त्यांनीं करारावर सही केली. शिक्षण संपल्यावर दहा वर्षें बडोदें संस्थानची नोकरी करावयाची, अशी त्यांत अट होती. मॉरिशसच्या मजुराचाही करारच होता व हाही करारच. पण एकानें न वाचतां निशाणी केली, दुसऱ्यानें वाचून सही केली.

जुलै १९१३ मध्यें ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत दाखल झाले. १९१५ त एम. ए. झाले, १९१६ त लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळें १९१७ मध्यें अभ्यास अर्धा टाकून परतावें लागलें. त्यांची पुस्तकें ज्या जहाजानें येत होतीं तें महायुद्धांत पाणबुडीनें बुडविलें. बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तर अस्पृश्य म्हणून राहावयास जागा मिळाली नाहीं, आणि ती नोकरी सोडावी लागली. करार वाचून जाणाऱ्याच्याही वाट्यास संकटें येतात, हें येथें मोकळेपणानें मान्य केलें पाहिजे. भेद पुढें दिसतो. लंडन सोडण्यापूर्वींच त्यांनीं चार वर्षांच्या आंत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची विद्यापीठाची परवानगी मिळवून ठेविली होती. मुंबईस सिडनहॅम महाविद्यालयांत नोव्हेंबर १९१८ पासून मार्च १९२० पर्यंत प्राध्यापकी करून त्यांनीं पैसा सांठविला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं मदत दिली. नवल भथेना ह्या पारशी मित्रानें पांच हजार रुपये उसने दिले. जुलै १९२० मध्यें ते पुन्हां लंडनला गेले, १९२३ मध्यें परतले, आणि त्याच वर्षीं त्यांस डी. एस्सी. पदवी मिळाली. परत जाण्याचें दार उघडें ठेवणें, स्वतःची शिल्लक आणि विश्वासाचा मित्र, ह्या तीन गोष्टींवर ती दुसरी फेरी उभी होती.

ह्या विद्येचें पुढें काय झालें, तें महाडच्या माणसास सांगावयास नको. महाड नगरपालिकेनें १९२४ मध्यें ठराव करूनही चवदार तळें अस्पृश्यांस बंदच होतें. २० मार्च १९२७ रोजीं बाबासाहेबांनीं हजारों बांधवांसह तेथें जाऊन तें पाणी ओंजळींत घेतलें. त्याच वर्षींच्या डिसेंबरांत परिषदेसाठीं ते मुंबईहून बोटीनें दासगांव बंदरास उतरून महाडास आले. ज्या खाडीनें आपले लोक पोटासाठीं बाहेर जात, त्याच खाडीनें परदेशची विद्या परत आली. तळ्याच्या दाव्यांत मुंबई हायकोर्टाचा अनुकूल निकाल लागावयास मार्च १९३७ उजाडला. परदेशांत मिळविलेली पदवी ही घराच्या भिंतीवर टांगण्यासाठीं नसते, हें ह्या एका तळ्याच्या पाण्यानें सिद्ध केलें.

आपल्या धर्मसभेस हा प्रश्न नवा नाहीं. बाळ येशूस घेऊन मरिया व योसेफ रात्रींच्या रात्रीं मिसर देशीं निघालीं, तेव्हां त्यांच्याजवळ कोणती तयारी होती? पोप बारावे पायस ह्यांनीं १ ऑगस्ट १९५२ च्या आपल्या पत्रकांत त्या पवित्र कुटुंबास सर्व स्थलांतरितांचा आदर्श म्हटलें आहे. इटलीहून लाखों गरीब लोक अमेरिकेस जात होते, त्या काळीं संत फ्रान्सिस झेवियर काब्रिनी ही भगिनी १८८९ मध्यें न्यूयॉर्कला गेली आणि तिनें त्या लोकांसाठीं शाळा, अनाथगृहें व रुग्णालयें उभारिलीं. १९१७ मध्यें ती वारली, १९४६ मध्यें संतपदास पोंचली, आणि १९५० पासून स्थलांतरितांची आश्रयदात्री मानली जाते. तिच्या कामाचें मर्म साधें होतें. मुंबईच्या खोलीवर आपल्या गड्यास जो ओळखीचा आधार मिळे, तोच तिनें परक्या शहरांत पाहुण्या लोकांस मिळवून दिला.

आतां आजच्या काळाकडे येऊं. गिरमिटाची भरती १९१७ मध्यें थांबली. १९२२ च्या कायद्यानें अकुशल मजुरांच्या परदेशगमनावर निर्बंध घातले. आखाती देशांत तेलाचा पैसा आल्यावर तिकडे ओघ लागला, आणि १९८३ मध्यें नवा परदेशगमनाचा कायदा झाला. त्यानें नोकरभरती करणाऱ्या दलालास सरकारी नोंदणी सक्तीची केली. ज्यांचें शिक्षण दहावीपर्यंत झालेलें नाहीं, त्यांस ठराविक देशांत नोकरीस जातांना प्रवासीसंरक्षकाची संमति घेण्याचा नियम पडला. नोंदलेल्या दलालानें उमेदवाराकडून घ्यावयाच्या मोबदल्यास कर वगळून तीस हजार रुपयांची मर्यादा घालण्यांत आली. अशी संमति घेऊन जाणारांसाठीं विम्याची योजना आहे. २०१७ च्या सुधारणेप्रमाणें दोन वर्षांस २७५ रुपये भरून दहा लाखांचें संरक्षण तींत ठरविलें गेलें. निघण्यापूर्वीं एक दिवसाचें मोफत मार्गदर्शनही सरकारनें सुरू केलें.

हे नियम आम्ही मुद्दाम लिहिले आहेत. कारण १८३७ च्या कायद्याप्रमाणेंच हे नियमही ज्यास ठाऊक नाहींत त्यास निरुपयोगी आहेत. नोंदणी नसलेला दलाल गोड बोलतो, भेटीच्या व्हिसावर नोकरीस पाठवितों म्हणतो, आणि मोबदल्यास लाख-दोन लाख मागतो. भेटीच्या व्हिसावर गेलेल्या माणसास नोकरीचें कायदेशीर संरक्षण राहत नाहीं. शेत गहाण टाकून, आईचें सोनें मोडून हा पैसा उभा राहतो. आणि करार तेथें उतरल्यावर परक्या भाषेंत पुढें येतो. दोनशें वर्षांपूर्वीं निशाणी करणारा मजूर व आज न वाचतां सही करणारा दहावी शिकलेला तरुण, ह्यांत आम्हांस फारसा फरक दिसत नाहीं. विद्यार्थ्यांचीही तीच गोष्ट. २०२३ मध्यें कॅनडांतील कांहीं भारतीय विद्यार्थ्यांचीं प्रवेशपत्रें बनावट असल्याचें उघडकीस आलें; अनेकांनीं तीं दलालावर विश्वासून घेतलीं होतीं. महाविद्यालयास स्वतः एक पत्र लिहून विचारलें असतें, तर पुष्कळांचीं वर्षें वांचलीं असतीं.

कागदांच्या जतनाविषयींही दोन शब्द. ऑगस्ट १९९० मध्यें इराकनें कुवेत घेतलें, तेव्हां सुमारें एक लाख सत्तर हजार भारतीयांस विमानांनीं मायदेशीं आणावें लागलें. आणि संकट येण्यासाठीं परदेशींच जावें लागतें असें नाहीं. २२ जुलै २०२१ रोजीं सावित्रीचें पाणी महाड शहरांत शिरलें, आणि त्याच दिवशीं तळिये गांवावर दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. मेलेल्यांचें दुःख मोठें. त्यापुढें कागदांची गोष्ट लहान. परंतु जे वांचले, त्यांतील अनेकांचे दाखले चिखलांत गेले, आणि उभें राहण्यासाठीं पुन्हां त्याच दाखल्यांची गरज लागली. म्हणून पासपोर्ट, करार, विमा व पदवी ह्यांची एक प्रत स्वतःजवळ, एक घरीं, आणि एक तिसऱ्याच ठिकाणीं असावी.

हें तिसरें ठिकाण कोणतें? येथें आम्ही मॉरिशसच्या त्या नोंदवहीकडे परत येतों. परक्या मळेवाल्यांनीं केवळ कामासाठीं ठेविलेली नोंद आज त्यांच्या वंशजांस गांवाशीं जोडते. मग आपण प्रेमानें ठेविलेली नोंद काय करणार नाहीं? बाप्तिस्मा, विवाह व मृत्यु ह्यांच्या वह्या आपल्या धर्मग्रामांत आहेतच. ह्या महोत्सवाच्या वर्षीं तींत चौथ्या वहीची भर पडावी, अशी आमची नम्र सूचना आहे. परदेशीं निघणारा प्रत्येकजण बाप्तिस्म्याचा दाखला न्यावयास यावा. त्याच वेळीं त्यानें आपलें नांव, जाण्याची तारीख, तेथील पत्ता, मालकाचें अथवा विद्यालयाचें नांव, आणि त्या शहरीं असलेल्या एका ओळखीच्या माणसाचें नांव त्या वहींत लिहावें. करार मिस्सेनंतर चार जाणत्या मंडळींस दाखवावा, व जो इंग्रजी जाणतो त्यानें तो मराठींत समजावून द्यावा. ह्यास पैसा लागत नाहीं. फक्त एक वही, एक पेटी व कोणाचा तरी अर्धा तास लागतो.

जो गेला त्यानें परत यावेंच, असा आमचा हट्ट नाहीं. मॉरिशसची माणसें राहिलीं तीं मराठी राहिलीं. बाबासाहेब परतले ते तळें मोकळें करण्यास परतले. दोघांचेंही जाणें फुकट गेलें नाहीं. आमचें मागणें इतकेंच कीं, आंबेनळीच्या पायथ्याहून निघालेलें एकही लेकरूं वाचल्यावांचून सही करून न जावो, आणि तें कोठें आहे हें आपल्यांत कोणासही ठाऊक नाहीं, असा दिवस न येवो. पहिलें नांव ह्या महोत्सवाच्या रविवारींच लिहिलें जावें.